गरम पाणी, थंड कपाट

वॉटफर्ड,
१४ ऑक्टोबर २००७

आदरणीय शशिधरराव,

आपणा उभयतांना आम्हा उभयतांचा नमस्कार. बेसिंगस्टोकला थंडी सुरू झाली असेल. या दिवसांत आपला उजवा गुडघा कुरकुरतो असे चि. शार्दूलकडून कळले, तेव्हा जिने जपून चढावेत. मालविकावहिनींची प्रकृती उत्तम असणार, कारण मागच्या रविवारी रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरूनही त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. केंब्रिजला आपला शार्दूल आणि आमची कस्तुरी सुखात आहेत. लग्नानंतरची त्यांची ही पहिली दिवाळी. दिवाळसणासाठी जावयासोबत आपणही दोघे आमच्याकडे राहायला येत आहात, याचा आम्हाला फार आनंद आहे. साखरपुड्याला वहिनींनी स्टीलच्या डबीतून दिलेले विरजण अर्चनाने जिवापाड जपले असून, त्याच दह्याचा चक्का बांधून आपल्यासाठी श्रीखंड करण्याचा तिचा बेत आहे. आपल्या मातोश्रींनी हे विरजण सांगलीहून रुमालात वाळवून विमानाने आणल्याची कथा आपण त्या दिवशी सांगितलीत, ती मी अजून लोकांना सांगतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. दिवाळसण म्हटला की अभ्यंगस्नान आले. (इंग्लंडात नोव्हेंबरचा सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे सूर्योदयापूर्वीच्या आंघोळीचे पुण्य या देशाइतके स्वस्त कुठेच नाही.) पण सगळे घर तेल-उटणे लावून ओळीने उभे राहणार, आणि प्रत्येकाला कढत पाणी हवे. नेमक्या अशा वेळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या गरम पाण्याच्या टाकीला तळाशी गळती लागली. प्लंबर बोलवावा असे अर्चनाचे मत पडले. जावई पाटावर बसला असताना नळातून बर्फासारखे पाणी आले तर मी विहीणबाईंना तोंड दाखवणार नाही, असेही ती म्हणाली. मी तिला शांतपणे आठवण करून दिली की ज्याने कॉलेजात निवृत्तीपर्यंत उष्णता हाच विषय शिकवला, त्याने स्वतःच्या घरची टाकी दुसऱ्याकडून जोडून घेणे हे विषयाला शोभणारे नाही. यावर तिने फक्त बादल्या मोजल्या.

आमच्या घरची व्यवस्था जुन्या पद्धतीची आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. बॉयलर खाली स्वयंपाकघरात, टाकी वर जिन्याजवळच्या कपाटात, आणि दोहोंना जोडणारे तांब्याचे दोन जाड पाइप. बॉयलरमध्ये तापलेले पाणी हलके होते, हलके झाले की वर चढते, टाकीच्या पोटातल्या वेटोळ्यातून फिरून आपली उष्णता भोवतीच्या पाण्याला देते, थंड झाले की जड होते, आणि दुसऱ्या पाइपाने मुकाट खाली येते. पंप नाही, मोटर नाही, विजेचा संबंध नाही. (पंप आहे, पण तो रेडिएटरांसाठी. त्यांचे पाणी आळशी आहे.) निव्वळ गुरुत्वाकर्षणावर एका कुटुंबाच्या आंघोळी होतात, या कल्पनेने मला आजही भरून येते. हे मी अर्चनाला जिन्यात उभे राहून समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि वाटेतून बाजूला व्हायला सांगितले, कारण तिच्या हातात कढई होती.

काम मी पद्धतशीरपणे केले. बॉयलर बंद केला, सगळे पाणी काढून टाकले, जुनी टाकी सोडवली. नवी टाकी त्याच मापाची घेतली होती, पण तिची तोंडे थोडी वेगळ्या उंचीवर निघाली, म्हणून कपाटाच्या तळाशी पाइपाचा हातभर तुकडा नवा आडवा टाकावा लागला. (गॅसला मी हात लावला नाही. इथे तो अधिकार फक्त नोंदणी असलेल्या माणसाला असतो, आणि मी कायदा पाळणारा गृहस्थ आहे.) हा आडवा तुकडा मी सपाटी मोजायची स्पिरिट लेव्हल ठेवून इतका सपाट बसवला की तिच्या काचनळीतला बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला. मी अर्चनाला मुद्दाम वर बोलावून तो बुडबुडा दाखवला.

बॉयलर लावला. पाणी तापेना. उलट खालून कुणाला तरी आत कोंडल्यासारखे ठोके ऐकू येऊ लागले. शेजारच्या बाई, ज्यांनी आजवर आमच्या मसाल्यांच्या वासाबद्दलही तक्रार केली नाही, त्या काही मदत हवी का असे विचारून गेल्या. मी खुर्ची घेऊन कपाटासमोर बसलो, विचार केला, आणि दोष सापडला. गुरुत्वाकर्षणाच्या पाइपाला बॉयलरपासून टाकीपर्यंत सतत चढ लागतो. चढ असला की पाइपातली हवा वर निघून जाते. मी तो तुकडा इतका निर्दोष सपाट ठेवला होता की हवेला कुठे जावे हेच कळेना. लेव्हलमधला बुडबुडा जसा मधोमध बसून होता, तसाच एक पाइपात बसून होता, आणि त्याने सगळी वाहतूक अडवून धरली होती. म्हणजे चूक हलगर्जीपणाची नव्हती, अचूकपणाची होती. हा फरक मी अर्चनालाही सांगितला. आंघोळीच्या पाण्याला तो कळतो का, एवढेच तिने विचारले.

उपाय सोपा होता. पाइपाचे सांधे जरा सैल केले आणि त्याखाली चढत्या क्रमाने आधार दिले. लाकडाचे एकसारख्या जाडीचे तुकडे घरात कुठे मिळणार? कॅरमच्या सोंगट्या. आधी एक, पुढे दोन, मग तीन, आणि सर्वांत उंच थरावर राणी. सांधे आवळले, हवा सुटली, ठोके थांबले, आणि थोड्याच वेळात टाकीच्या माथ्यावरचा पाइप असा तापला की हात ठेववेना. तेव्हापासून आमच्याकडे असे पाणी येते की त्यात थंड मिसळल्याशिवाय ते अंगावर घेता येत नाही. शिवाय जुनी टाकी उघडी तांब्याची होती, तिची निम्मी उष्णता कपाटात वाया जायची. नवीला कारखान्यातूनच बोटभर जाड फोमचे वेष्टन आहे. उष्णता आत ती आतच. तरी आपण सर्वांनी अगदी निश्चिंत मनाने यावे.

आपला नम्र,
हरीश

ता. क. : हे पान वेगळे जोडले आहे. मागचा मजकूर वहिनींना मोठ्याने वाचून दाखवण्यास हरकत नाही. हे मात्र आपण एकट्याने वाचून नष्ट करावे. (फोन केला असता, पण आपल्याकडे तो नेहमी वहिनीच उचलतात.)

टाकी यशस्वी झाल्यावर मी अर्चनाला कपाट उघडून दिले आणि म्हटले, हात घालून पाहा, किती थंड आहे. तिने हात घातला, आतले पातेले बाहेर काढले आणि तिरके केले. त्यातून दूध वाहिले. तेव्हा मला समजले की इतकी वर्षे आमचे दही त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर लागत होते, आणि जुन्या टाकीवरचे ऊब राखणारे जाकीट तिने याचसाठी काढून टाकले होते. याची पूर्वकल्पना मला कुणी दिली नव्हती. पातेल्यामागून पातेली नासली आणि शेवटच्याबरोबर आपल्या मातोश्रींचे विरजण संपले. आता मी फोमला पातेल्याच्या बुडाएवढी खिडकी कापली आहे. (ही तत्त्वाशी तडजोड नव्हे, उष्णतेचे नियोजन आहे.) कपाट सज्ज आहे, विरजण नाही. तरी येताना वहिनींच्या नकळत त्यांच्या दह्यातले चमचाभर एखाद्या डबीतून आणावे, ही कळकळीची विनंती. कॅरमच्या सोंगट्याही आपल्याच आणाव्यात.

हरीश

आणखी ता. क. : भावजी, मी अर्चना. यांनी पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. बेसिनपाशी ठेवलं आणि नळ सोडला, तर वाफेने ते आपोआप सुटलं. पाणी खरंच फार छान तापतंय, तेवढं खोटं नाही.

वाचल्यावर मी सरळ मालविकाताईंना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. त्या हसतच सुटल्या. तुमच्याकडे तो भिंतीवरचा नवा बॉयलर आला आणि टाकी गेली, तिच्याबरोबर कपाटातली ऊबही, तेव्हाच सांगलीचं विरजण गेलं म्हणे. साखरपुड्याला मला दिलं ते सुपरमार्केटच्या डब्यातलं. “तू पुन्हा थोडं विरजण मागशील आणि माझं बिंग फुटेल, म्हणून मी तुझ्याशी दह्याचा विषयच काढत नव्हते गं,” म्हणाल्या. तुम्हाला हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. एवढी वर्षं तुम्ही ती रुमालाची गोष्ट इतक्या कौतुकाने सांगता, म्हणून त्यांना बोलवत नव्हतं.

तेव्हा येताना दुकानातून मोठा डबा आणा, साधं दही, गोड नको. यांना मात्र काही बोलू नका. एका चमच्याएवढं स्टीलच्या डबीत काढून यांच्या हातात द्या. ते फोमच्या खिडकीसमोर थर्मामीटर घेऊन बसतील, आणि दही लागलं की सांगलीच्या विरजणाचं वैशिष्ट्य काय, हे ते तुम्हाला समजावून सांगतील. तेवढं ऐकून घ्या.