दोन टाइल्स भिंत खाते

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून नोंद ठेवणार. कोणाला दाखवायला नाही. माझ्यापाशी असावी म्हणून.

वस्तुस्थिती अशी. भिंगरी, माझी मुलगी, वय नऊ वर्षं चार महिने, जानेवारीत शाळेतून काढली. मीच काढली. पालकसभेत तिच्या वर्गाच्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, आपलं शिक्षण किती? मी म्हणालो, तुम्ही उभ्या आहात ती फरशी मी बसवली आहे, तिला विचारा. कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी नाव काढलं.

२८ तारखेला शिक्षण खात्याच्या तपासणीस बाई घरी येणार. दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ नसले तर भिंगरी परत त्याच शाळेत, त्याच बाईंपुढे. शिवाय तपासणीच्या कागदावर मला सही करावी लागणार की घरचं शिक्षण अपुरं पडलं. त्या कागदावर मी सही करणार नाही. हात कापून देईन.

पंचवीस दिवस, दहा पाढे. किरकोळ काम आहे.

४ मार्च

किरकोळ नाही. सहापर्यंत गाडी धडधडत जाते. सातला आली की तहान लागते. मग शू. मग पेन्सिल हरवते, जिचा पाढ्यांशी काही संबंध नाही.

बायको औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीला डोस असतो असं वाटतं. म्हणाली, छापील तक्ता आणा, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. छापील! तेवीस वर्षं टाइल्स बसवतोय, कधी पुस्तकाला हात लावला नाही. पाढेसुद्धा कामावर, ऐकून ऐकून उचलले.

निश्चय: तक्ता मी करणार. टाइल्सचा.

८ मार्च, शनिवार

शंभर पांढऱ्या टाइल्स, सहा बाय सहा इंच. एकेका टाइलवर एकेक ओळ, काळ्या ऑइलपेंटने. सगळं मनातून लिहिलं, कुठेही न बघता. आठचा आकडा विशेष साधला आहे.

९ मार्च, रविवार

बाथरूमच्या भिंतीवर बसवल्या. दहा आडव्या, दहा उभ्या. एकाखाली एक, एक पाढा एक उभी रांग. सांधा दोन मिलिमीटर, कुठेही कमी-जास्त नाही. पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध. ॲडहेसिव्ह वापरलं ते पोहण्याच्या तलावाला वापरतात ते.

बायकोने विचारलं, अहो, उद्या काही बदलायचं झालं तर? मी म्हणालो, पाढे बदलतात का?

११ मार्च

दात घासताना भिंगरीने विचारलं, बाबा, इथे सात आठे चौपन्न लिहिलंय आणि शेजारच्या रांगेत आठ साते छप्पन्न. असं कसं?

टाळाटाळीचा नवा प्रकार. तिला सांगितलं की सातच्या आठ ओळी वेगळ्या, आठच्या सात ओळी वेगळ्या. ते कामावर गेल्याशिवाय कळत नाही. आधी पाठांतर, शंका मागाहून. ब्रश तोंडात धरून बराच वेळ उभी होती. फेस हनुवटीपर्यंत आला.

१३ मार्च

तोंडी परीक्षा. सात आठे? छप्पन्न. लाल फुली. भिंतीकडे बघून म्हण, म्हणालो. भिंतीकडे बघून म्हणाली, छप्पन्न. पाच वेळा विचारलं, पाच फुल्या. हट्टी पोर. कोणावर गेली आहे कळत नाही, असं म्हणालो, तर आतून बायको म्हणाली, मला कळतं.

नंतर बायको म्हणाली, अहो, ती टाइल एकदा नीट बघा. जाऊन बघितली. ओळंब्यात आहे.

१७ मार्च, सोमवार

भिंगरीला कामावर नेलं. दातांच्या डॉक्टरांचं बाथरूम, एक भिंत, आडव्या सात, उभ्या आठ. चौपन्न मोजून आणल्या होत्या. भिंगरी रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाली, छप्पन्न लागतील. तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

दुपारी दोन कमी पडल्या. अपेक्षितच. सात-आठच्या भिंतीला दोन टाइल्स नेहमी कमी पडतात. तेवीस वर्षांचा अनुभव आहे. एवढ्या मापाची भिंत दोन टाइल्स खाते. इंजिनिअर लोकांना हे माहीत नाही. भिंगरीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे छप्पन्नच ना? मुलांना अनुभव आणि हिशोब यातला फरक कळत नाही.

टाइलच्या दुकानात गेलो. मी तोंड उघडायच्या आत दुकानदाराने काउंटरखालून दोन टाइल्स काढल्या, कागदात गुंडाळून तयार. म्हणाला, या मास्तर, वाटच बघत होतो. अकरा वर्षं हे चालू आहे. धंद्यात एवढा मान फार थोड्यांना मिळतो.

२० मार्च

विजय! सात आठे? थोडं थांबून म्हणाली, चौपन्न. मी तिला उचलूनच घेतलं. माझे डोळे भरून आले. तिचेही. पण ती म्हणाली, साबण गेला.

पद्धत सिद्ध झाली. सांधा आणि शिस्त.

२५ मार्च

सगळे पाढे घडाघडा. भिंगरीने विचारलं, तपासणीच्या बाई बाथरूममध्ये जातील का? म्हणालो, जाव्यात अशी माझी इच्छा आहे. तिने आईकडे बघितलं. आईने गॅसकडे.

वर्गाच्या त्या बाईंनाही त्या दिवशी बोलवावं असं वाटत होतं. मोठेपणाने टाळलं.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी १.२०

तपासणीस बाई ११.०५ ला आल्या. पाच मिनिटं उशिरा, नोंद केली. वाचन छान, लिखाण छान. पाढे मागितले. सहापर्यंत धडधडत. मी खुर्चीमागे उभा, हात मागे.

बाईंनी विचारलं, सात आठे?

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. बाईंकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. मग म्हणाली, आमच्याकडे चौपन्न. बाहेर छप्पन्न.

बाईंनी चष्मा काढला. आमच्याकडे म्हणजे कुठे, बाळ? भिंगरी म्हणाली, बाथरूममध्ये. आणि घाईघाईने पुढे म्हणाली, पण बाबांचं चुकत नाही हं, ते मागाहून दुकानातून आणखी दोन आणतात.

बाई बाथरूममध्ये गेल्या. मी मागोमाग गेलो, सांध्याची माहिती देत. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, जरा मोजून दाखवता? सात आडव्या, आठ उभ्या.

मोजल्या. बोट शेवटी नेमकं त्याच टाइलवर येऊन थांबलं. सात आठे चौपन्न, स्वच्छ अक्षरात. आणि तोंडातला आकडा छप्पन्न होता. पुन्हा मोजल्या. मग दुसऱ्या टोकाकडून मोजल्या. बाई दारात थांबल्या होत्या, भिंगरी त्यांच्या मागे. नळ टपकत होता.

बाई म्हणाल्या, काम मात्र सुरेख आहे, एकही सांधा हललेला नाही.

कागदावर त्यांचा शेरा: मुलीची तयारी उत्तम, घरचं शिक्षण चालू ठेवण्यास हरकत नाही. पालकांनी सातचा पाढा करावा. खाली पालकाची सही.

केली.

२९ मार्च

शांतपणे विचार केला. मुलगी पास झाली, हे कोणी नाकारू शकत नाही. आठ साते छप्पन्न मी बरोबर लिहिलं होतं, याचा कोणी उल्लेखही करत नाही. शंभरात नव्व्याण्णव टाइल्स बरोबर. त्या वर्गाच्या बाईंनी करून दाखवावं.

दुकानात नव्या कामाच्या टाइल्स मागितल्या. सात-आठची भिंत. म्हणालो, छप्पन्न. दुकानदार नुसता बघत राहिला. मग काउंटरखालून कागदात गुंडाळलेल्या दोन काढल्या आणि विचारलं, मास्तर, मग आता ह्यांचं काय करू?

३० मार्च, रविवार

चूक दुरुस्त करायला मला लाज वाटत नाही. छिन्नी, हातोडी घेऊन बसलो. ॲडहेसिव्ह उत्तम प्रतीचं आहे. दोन तास. सात आठे निघाली, पण चुरा होऊन, आणि जाताना वरची सात साते आणि खालची सात नवे घेऊन गेली. त्या दोन बरोबर होत्या.

बायको म्हणाली, खाल्ल्या ना भिंतीने दोन?

चुरा सुपलीत भरला.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ७.००

नवं वेळापत्रक, भिंगरीने केलेलं. डोस आईने ठरवला आहे: सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. भिंगरी टबाच्या काठावर बसते, हातात लाल पेन्सिल. ती आता हरवत नाही.

सात सक बेचाळीसपर्यंत धडधडत गेलो. मग तहान लागली. भिंगरी म्हणाली, पाणी नंतर, बाबा, भिंतीकडे बघून म्हणा.

भिंतीकडे बघितलं. तिथे भोक आहे.