तवा रिकामाच तापवायचा असतो

रोसारिओ,
सोमवार, १९ ऑगस्ट

प्रिय हेरार्दो, माझ्या जाड्या,

तू बरा असशील. व्हेरोनिकाचा खोकला थांबला का? मधात लिंबू पिळून द्यायला मी सांगितलं होतं, पण तुझ्या सासूबाईंचा बाटलीतल्या औषधांवर जास्त विश्वास. इथे थंडी अजून आहे. नदीवरून वारा येतो, खिडक्या दिवसभर बंद ठेवाव्या लागतात. स्वयंपाकघराचं छत रंगवून झालं. पांढरंशुभ्र दिसतं, फक्त गॅसच्या वर एक काळसर सावली उरलीच. रंगारी म्हणाला, "बाई, धूर म्हणजे जुना भाडेकरू. एकदा भिंतीत शिरला की लवकर निघत नाही."

फोनच केला असता, पण फोनवर तू नेहमी गाडीत असतोस. शाळेत सिस्टर इन्माकुलादा म्हणायच्या, तोंडावर बोलवत नाही ते सुवाच्य अक्षरात लिहावं, राग अर्धा होतो. माझं अक्षर बघ, अजून ओळ सोडत नाही. हवं तर डॉक्टरांना दाखव.

गुरुवारी सिल्विना त्या डॉक्टरांना घेऊन पुन्हा येणार आहे, आणि तूही येणार आहेस. मी या घरात राहायचं की त्या बागवाल्या वृद्धाश्रमात जायचं, ते त्या दिवशी ठरेल. तिने मला तिथले फोटो दाखवले. "आई, केवढे गुलाब आहेत बघ!" मी म्हटलं, "गुलाब आपल्या कासिल्दा गावच्या घरीही होते गं, पण मी त्यांच्यात झोपत नव्हते." ती हसली नाही. तुम्ही हल्ली माझ्या विनोदांना हसत नाही, नुसते एकमेकांकडे बघता.

आणि हे सगळं कशावरून? दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी, माझ्या घरात धूर कोंडला, बंबवाले आले, तेव्हा मी खाली दारात एप्रन घालून उभी सापडले, यावरून.

तुझे बाबा गेल्यावर कासिल्दा गावातलं घर सोडून मी या चौथ्या मजल्यावर आले, तो दिवस तुला आठवत असेल. तू खोक्यांवर बसून म्हणालास, "म्हातारे, या खुराड्यात आता मांस विसर. सॅलड खा." आणि अंगणातली बाबांची लोखंडी जाळी गाडीत घालून फुनेसला सासऱ्याच्या बंगल्यावर घेऊन गेलास. जाळी काही माझी नव्हती. आपल्यात निखारे पुरुषांचे, कांदा-टोमॅटो बायकांचे. दर रविवारी निखाऱ्यांवरच्या मांसाचा आसादो व्हायचा, शेवटचा तुकडा संपला की कुणीतरी ओरडायचं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" आणि तुझे बाबा कपाळाचा घाम पुसत वाकायचे. सॅलडसाठी टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. इतक्या वर्षांत मांसाचा एक तुकडाही मी स्वतः भाजला नव्हता, हे कुणाला खरं वाटेल?

म्हणून मी शिकले. जाळी नाही, विस्तव नाही, अंगण नाही, तरी तुला आवडतो तसा जाड स्टेक करायचाच, असं ठरवलं. कोपऱ्यावरचा खाटीक रुफिनो मला हसला. "ओफेलियाबाई, तव्यावरचा स्टेक म्हणजे सख्ख्या बहिणीबरोबर नाच!" मी म्हटलं, "बहीण चांगली नाचत असेल तर तुमचं काय जातं?" त्याने जाड काप दिला, वर चरबीची कडा ठेवून.

पहिले काप वाया गेले. फ्रीजमधून काढून थेट तव्यावर टाकले, तर बिचारे स्वतःच्याच पाण्यात उकडले, राखाडी झाले, इस्पितळातल्या जेवणासारखे. मग कळलं की मांस आधी बाहेर काढून ठेवायचं, फडक्याने अगदी कोरडं टिपायचं, जाड मीठ लावायचं. बिडाचा तवा घ्यायचा. आणि मुख्य म्हणजे तवा रिकामाच तापवायचा, खूप तापवायचा, चरबीचा एक तुकडा त्याच्यावर फिरवून धूर दिसेपर्यंत थांबायचं. मांस टाकल्यावर मात्र धीर धरायचा, सारखं हलवायचं नाही. ते सुटलं की आपणच सांगतं. मग उलटायचं, कडेवर उभं करून चरबी कुरकुरीत होऊ द्यायची, आणि ताटलीत काढून जरा निवांत पडू द्यायचं, नाहीतर सगळा रस फळीवर. ज्या दिवशी पहिल्यांदा साधलं त्या दिवशी मी एकटीनेच, उभ्या उभ्या, ओट्याशी खाल्लं. आणि तुला फोन केला.

"खरंच?" तू म्हणालास. "जाळीशिवाय? रविवारी येतोच."

आता डॉक्टरांसमोर काय झालं ते आठव. सिल्विनाने माझा हात हातात घेतला, मी पाच वर्षांची असल्यासारखा.

"आई, तवा गॅसवर होता. कशासाठी ठेवला होतास, आठवतं?"

"मांस भाजायला."

"पण मांस तर फळीवर होतं. तवा रिकामा होता, आई."

"रिकामाच ठेवतात. मांस नंतर टाकायचं."

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली, अगदी मायेने. त्या मायेचा मला राग आला. त्या खोलीत माझ्याशिवाय एकच माणूस होतं ज्याला ठाऊक होतं की तवा रिकामाच तापवतात. ते माणूस खिडकीपाशी उभं राहून रस्ता बघत होतं. ते माणूस मांस भाजणाऱ्या बाबांच्या मांडीशी उभं राहून मोठं झालं होतं.

मी हे लिहायचं टाळत होते, हेरार्दो. बघ, पत्राचा अर्ध्याहून जास्त भाग स्टेकवरच गेला.

त्या रविवारी तुझा फोन आला. "म्हातारे, कोपऱ्यावर पोचलो. गाडी लावायला जागा बघतोय. ठेव तवा!" मी तवा ठेवला, चरबी फिरवली आणि किल्ली घेऊन खाली आले. रस्त्यावरचं दार आमचं सदा कुलूपबंद. पाहुणा आला की घरच्याने खाली जाऊन उघडायचं, आणि रविवारी रखवालदार नसतो. तुला हे माहीत आहे. दर वेळी तूच कुरकुरतोस, "किती वेळ लावतेस गं उतरायला!" म्हणून मी लगेच उतरले.

काचेतून तुझी गाडी दिसली. तू कानाला फोन लावून बोलत होतास. तू मला पाहिलंस. हात वर केलास, "आलोच" अशा अर्थाने. मी किल्ली कुलपात घालून उभी राहिले. गाडी पुढे गेली, वळली.

मी वाट बघत राहिले. जागा मिळत नसेल, असं वाटत होतं. वर परत जावं तर नेमका तू येशील आणि थंडीत बाहेर उभा राहशील. मग बंबवाले आले. मीच त्यांना दार उघडलं! एकाने विचारलं, "आजी, धूर कुणाकडे?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक, बाळा. जा, पटकन वर जा." तिसऱ्या मजल्यावरची एर्सिलिया हे सगळ्यांना सांगत फिरते. मीसुद्धा हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

डॉक्टरांसमोर सिल्विनाने विचारलं, "पण तू खाली कशाला गेलीस, आई? कुणाची वाट बघत होतीस?" मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. आणि तू बोललास. खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणालास, "बिचारी बाबांची वाट बघत असेल."

सिल्विना रडायला लागली. मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्यालाही त्यांनी आजारातच धरलं.

परवा व्हेरोनिका भेटायला आली. तू त्या दिवशी माझ्याकडे येणार होतास, हे तिला माहीत नाही. सहज सांगत होती, "त्या रविवारी माझ्या बाबांनी ऐन वेळी फोन करून ह्यांना बोलावलं, पाहुणे आले होते ना! ह्यांनी तुमच्या घरच्या जाळीवर काय भाजलं, आई! सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या." मी तिला चहा दिला. बिस्किटं दिली.

सासऱ्याकडे गेलास याचा मला राग नाही. माणसं बोलावतात, जावं लागतं. वर येऊन "म्हातारे, जातो" एवढं म्हटलं असतंस तर मी दोन्ही काप डब्यात घालून दिले असते. तू लाजलास आणि घाबरलास, हेही मी समजू शकते. लहानपणी काही फोडलंस की असाच खिडकीशी जाऊन उभा राहायचास. पण तेव्हा फुटलेली वस्तू माझ्या अंगावर ढकलली नव्हतीस. स्वतःला वाचवायला तू मला वेडी ठरवलंस, आणि त्यासाठी तुझ्या मेलेल्या बापाला कामाला लावलंस.

नन्सनी आम्हाला शिकवलं की दुसऱ्याचा दोष झाकणं हे पुण्य. मी आजवर तुझे पुष्कळ झाकले. या वेळी झाकला तर त्याची किंमत हे घर आहे, आणि ते मी देणार नाही.

तेव्हा गुरुवारच्या आत तू स्वतः सिल्विनाला फोन कर. जसं झालं तसं सांग. तू सांगितलंस तर मी एवढंच म्हणेन की त्या दिवशी आपली दोघांची चुकामूक झाली, आणि विषय संपवेन. नाही सांगितलंस, तर त्या टेबलापाशी, डॉक्टरांसमोर, मी सांगेन. सिल्विनाचा जबडा आणि हट्ट तिच्या बाबांचा आहे. ती पुन्हा तुझं तोंड बघणार नाही, आणि नाताळला माझ्या टेबलाशी एकच मूल असेल. मी याचा पुरता विचार केला आहे. आळीपाळीने दोघांनी गुलाबांत येऊन भेटण्यापेक्षा, माझ्या स्वयंपाकघरात एकानेच येऊन जेवलेलं मला चालेल.

बाहेर पडताना मफलर घालत जा.

गुरुवारपर्यंत तरी तुम्हा दोघांचीही,
आई