न केलेलं भाषण

५ डिसें. ७२, दिल्ली
दुष्काळावर चर्चा. अध्यक्षांनी माझं नाव घेतलं, खासदार झाल्यापासून पहिल्यांदाच. उभा राहिलो. हिंदीत पाठ करून नेलेलं सगळं, अन् पहिलं वाक्यच सुचेना. अगोदरच्या सदस्यांशी सहमत आहे, एवढंच म्हणून बसलो. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. जेवण गेलं नाही.

९ डिसें., नगर
स्टेशनवर हार. कशाचे ते कळेना. घरी सौ.नं वर्तमानपत्र पुढं केलं. आपले खासदार लोकसभेत कडाडले, सरकारला धारेवर धरलं, टँकर मागितले वगैरे. पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं तिनं. मी खाली बघून चहा पीत राहिलो.
पेपरला बातम्या आमचा कार्यकर्ता बापू देतो. त्याला बाजूला घेतलं. "तुमी बोलनारच हुता न्हवं? म्हून आदीच दिऊन टाकली," म्हणाला.
उद्या घोडेगावात सत्कार. तिथं खरं सांगून टाकायचं.

१० डिसें.
नाही सांगितलं.
खडी फोडायच्या कामावरनं बायका तशाच आलेल्या, बोटांना चिंध्या बांधून. एका म्हातारीनं माझा हात धरला. "आमी हाय म्हून दिल्लीला कळलं तरी, लेकरा."
तोंड उघडलं, पण आभारच मानले. टाळ्या. शाल घेऊन घरी आलो. शी.

१४ डिसें.
घोडेगावच्या वस्त्यांवर टँकर सुरू. कलेक्टरांचा फोन, "आपलं भाषण वाचलं. लगेच व्यवस्था केली." आभारी आहे म्हणालो! आता खुलासा केला तर टँकर बंद होईल? की ही माझी पळवाट...
सौ.ला सांगितलं शेवटी. ती म्हणाली, "मी सगळ्या आळीला वाचून दाखवलं हो." उठून आत गेली.

१६ डिसें.
सकाळी ओसरीवर पलीकडच्या वाडीची माणसं. टँकर त्यांच्याकडं जात नाही. त्यांच्यातला म्हातारा हात जोडून म्हणाला, "सायेब, तुमी बोलला आन् त्यांना पानी आलं. आमच्यासाठीबी तसंच बोला की एकदा."
सौ. दारात उभी. माझ्याकडंच बघत होती.
"बोलतो," म्हणालो.
दुपारच्या गाडीनं निघालो. गाडीतच लिहितोय. बापू खिडकीपाशी आला होता. "सायेब, बातमी आत्ताच दिऊन ठिऊ का?"
उत्तर द्यायच्या आत गाडी हलली.