दुखतंय ते टाक्यांत

ताई,

नमस्कार. वाकून करता येत नाही, टाके ओढतात. पित्ताशयाचं ऑपरेशन नीट झालं, जेवण जातं, काळजी करू नकोस.

पण संताप झालाय. टाके ठणकत होते, अंगात ताप होता, म्हणून नर्सबाईंना हाक मारली. माझा बायपोलर आजार त्यांना ठाऊक आहे. "मूड बिघडला वाटतं," म्हणाल्या, आणि सर्जनऐवजी मनोविकारतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी पट्टी उचलली. खाली पू झाला होता. "यांचं डोकं शाबूत आहे, जखम बघा!" ते कडाडले. मग कुठे सर्जन आले आणि जखम साफ केली.

आईचा गुडघा दुखला की तिला कोणी मन शांत ठेव म्हणतं का?

तूही फोनवर आधी "गोळ्या घेतोस ना?" म्हणतेस. घेतो, ताई. आधी दुखतंय का ते विचार.

ताप उतरलेला,
तुझा धाकटा