पांढऱ्या रानुंकोलोचे पंजे कुणाकडे जावेत

मी देल्फीना सिक्कार्दी, बात्तिस्ता आणि कातेरीना यांची थोरली मुलगी, वय त्रेपन्न, लग्न केलेलं नाही, राहणार पोज्जो, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही, ते परवा दुसऱ्यांदा फाडणार आहेत. कुणी धमकावलेलं नाही, कुणी काही पाजलेलं नाही. शाळा मी पाचवीत सोडली, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

पहिलं, घर. ते धाकटा भाऊ गास्पारे याला. तो त्याच घरात जन्मला, आणि दुसऱ्या कुणाला दिलं तर गावभर रडत फिरेल. धुण्याच्या खोलीतला वास अजून गेलेला नाही. तो वासही त्याचाच. कसला वास, ते खाली येईल.

दुसरं, बँकेत जे असेल ते, आईचं घड्याळ आणि फुलं कापायच्या सुऱ्या गास्पारेची मुलगी ओर्नेला हिला. माझी भाची दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. फुलांतलं तिला काही कळत नाही, पण कळत नाही असं ती तोंडाने सांगते. आमच्या घरात एवढंही कुणाला जमत नाही.

तिसरं, भावजय मिरेल्ला हिला काहीही नाही. खाली शहरात तिचं फुलांचं दुकान आहे. माझी पांढरी फुलं ती निळ्या शाईच्या पाण्यात उभी करते. शाई देठातून वर चढते आणि पाकळी-पाकळीत निळ्या शिरा उमटतात, म्हातारीच्या सुजलेल्या पायावर असतात तशा. वर चमकी मारते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुकानातच तिला सुनावलं. म्हणाली, “अगं, लोकांना हेच हवं असतं.” लोकांना काय वाट्टेल ते हवं असेल. कळी कधी कापायची, हेही हिला माहीत नाही. दोन बोटांत दाबून बघायची, टणक लागली तर थांबायचं, ताज्या चीजसारखी दबली की कापायची. ही मात्र पूर्ण फुललेलं कापते, मोठं दिसतं म्हणून. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या टेबलावर सगळ्या पाकळ्या. माझ्या शवपेटीवर तिचा गुच्छ दिसला तर फादरनी तो चर्चबाहेर फेकावा. हे विनंती म्हणून लिहिलेलं नाही.

चौथं, पंजे. रानुंकोलो या फुलाच्या कंदाला आम्ही पंजा म्हणतो, वाळला की कोंबडीच्या पायासारखा दिसतो. लोण्याच्या रंगाची, आत हिरवा डोळा असलेली ही पांढरी जात माझ्या आईने घरामागच्या डोंगरउतारावरच्या टप्प्यावर निवडून निवडून वाढवली. दर वर्षी नको ती रोपं उपटायची, हवी त्यांचेच पंजे ठेवायचे. दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. मग एका वसंतात भिंतीपलीकडे नातालीना गेर्सीच्या टप्प्यावर तीच फुलं डोलताना दिसली. आमचे पंजे उन्हाळ्यात ऑलिव्हखाली जाळीत वाळत असतात, आणि नातालीनाचे हात लांब आहेत.

मी विचारलं, “कुठून आले गं?”

म्हणाली, “वाऱ्याने उडून आले असतील.”

“पंजे उडतात होय?”

“तुझ्या आईच्या जिभेला पंख आहेत, पंज्यांना का नसावेत?”

त्या दिवसापासून गेल्या वर्षापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. चर्चमध्ये ती बसलेल्या बाकावर बसले नाही.

गेल्या वर्षी पहिल्या ऑपरेशनला जाताना मी गास्पारेला बजावलं, “लावायच्या आधी पंजे वाहत्या पाण्याखाली ठेव, फुगले की लगेच काढ.” त्याने सगळे पंजे धुण्याच्या टबात ओतले, वर झाकण टाकलं आणि पत्ते खेळायला खाली ताज्जा गावाला गेला. आठवण झाली तेव्हा टबात शेंबूड झाला होता. मेलेल्या उंदराचा वास. तरी या शहाण्याने तो शेंबूड मुठीमुठीने वाफ्यात पुरला, मला कळू नये म्हणून, आणि जे थोडे घट्ट उरले होते ते उलटे, बोटं आभाळाकडे करून. मी घरी येऊन माती उकरली. माझ्या नखांतून तो वास कितीतरी दिवस गेला नाही. आईची जात संपली, असं मी धरून चालले.

त्याच आठवड्यात नातालीनाने भिंतीवर एक पिशवी आपटली. “घे.”

“म्हणजे चोरलेस हे कबूल?”

“कबूल कशाला? उसने देतेय.”

आज माझ्याकडे जी पांढरी आहे ती त्या पिशवीतली आहे. हे लिहितानाही तोंड कडू होतं.

म्हणून माझे सगळे पंजे नातालीना गेर्सी हिला. ती चोर आहे, पण ती कळी दाबून बघते. ती चोर आहे हे या कागदाने माफ होत नाही.

पाचवं. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात आणि पंजे या महिन्यात जमिनीत गेले पाहिजेत. म्हणून आज सकाळीच पंज्यांची जाळी तिच्या भिंतीवर नेऊन ठेवली. काय बोलणं झालं ते लिहून ठेवते, पुढे वाद नको.

ती म्हणाली, “हे काय? गास्पारे मेला की काय?”

“त्याच्या हातात देण्यापेक्षा मी चुलीत घालीन.”

“अन् तू बरी होऊन आलीस तर?”

“तर निम्मे परत.”

“नाही आलीस तर?”

“तर सगळे तुझे. पण बाजारात जुडीला चिठ्ठी लावशील तिच्यावर ‘कातेरीना’ लिहायचं. ‘नातालीनाची पांढरी’ नाही.”

“तुझी आई मला चेटकीण म्हणायची.”

“मीही म्हणते.”

“आणि त्या बाईचं नाव मी माझ्या हाताने लिहू?”

“दर जुडीवर.”

तिने एक पंजा काढला, हुंगला, परत टाकला. जाळी खांद्यावर घेतली आणि म्हणाली, “लिहीन. पण तू येऊन वाचायचं. मेलेल्या बाईसाठी मी शाई वाया घालवत नाही.”

ही अट मला मान्य नाही. तरी तिने घातली आहे, म्हणून नोंदवते.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असं नोटरी म्हणाला. तो गास्पारेला ओळखत नाही. म्हणून दोन घेतले. जिला मिळतं तिने सही करायची नसते, तेव्हा नातालीनाला बोलावलेलं नाही.

साक्षीदार: सेकोंदो लान्तेरी, कॉफीच्या दुकानाचा मालक (सही)
साक्षीदार: इवाना बोएरी, पोस्टमनबाई (सही)

देल्फीना सिक्कार्दी (सही)
पोज्जो, १९ सप्टेंबर २०२३