खिडक्या बंद करून जाणे

३ फेब्रुवारी, सोमवार
आज नोकरीवर रुजू झाले! हवामानाच्या जुन्या नोंदवह्या संगणकात उतरवायच्या. एका विंडोत वहीच्या पानाचा फोटो, दुसरीत तक्ता, शिवाय यादी, मेल, शब्दकोश आणि जेवणाच्या सुट्टीत ही रोजनिशी. एकूण सहा. ऑल्ट-टॅब दाबत मी अशा उड्या मारते की शेजारच्या टेबलावरचे काका बघतच राहिले. साहेबांना शुद्ध मराठीचं भारी वेड. प्रिंटरला मुद्रक, माउसला मूषक! हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. माझ्या आधीच्या मुलीने टेबलावर चिठ्ठी चिकटवलीय: ‘निघताना सर्व खिडक्या बंद करून जाणे. एकही उघडी ठेवू नये.’ खोलीत चार खिडक्या आहेत, चारही कड्या लावूनच निघणार. संगणक मात्र चालूच ठेवीन, म्हणजे सकाळी आल्या आल्या काम सुरू.

घरी धाकटी परीक्षेचा अभ्यास करतेय. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. पहिल्या पगारात तिला चांगली खुर्ची घ्यायचीय, बिचारी स्टुलावर बसून वाचते.

५ फेब्रुवारी
ऑल्ट-टॅब दाबलं की छोटी चित्रं सात दिसतात. मी सहाच उघडल्यात. सातवीत आमच्या खोलीबाहेरचा व्हरांडा, रिकामा. माझा संशय काकांवर. फार साळसूद माणूस, आणि सारखा इकडे डोळा. विचारलं तर म्हणाले, त्यांना स्वतःचाच स्क्रीन धड दिसत नाही. माझा काडीचा विश्वास बसला नाही.

७ फेब्रुवारी
सातवीत आता ऑफिसचं फाटक. दुसऱ्या विंडोत जाऊन परत आलं की चित्र काही पावलं पुढे सरकलेलं असतं, जणू कोणीतरी चालता चालता बघतंय. फुलीवर क्लिक करून बंद होत नाही. दुरुस्तीवाला आला, त्याला सहाच दिसल्या. जाताना तो आणि काका कुजबुजत होते. हे सगळे एकमेकांना सामील तर नाहीत?

१० फेब्रुवारी
साहेबांना आधीच्या मुलीबद्दल विचारलं. घरी तिचे म्हातारे वडील होते, म्हणाले, आणि ‘होते’वर उगाचच अडखळले. मग मलाच विचारलं, खिडक्या रोज बंद करतेस ना? मी ऐटीत चारही कड्या दाखवल्या. त्यांचा चेहरा पडला. या ऑफिसात विंडोला खिडकीच म्हणतात, म्हणाले. चिठ्ठी त्यांनीच सांगून लिहून घेतली होती. रात्रभर उघडी राहिली की तिच्यातून... एवढं बोलून उठले, आणि घरी गेले ते गेलेच.

रागाने वायर उपटली. पुन्हा लावली तर सात. आणि सातवीत चौक, औषधाचं दुकान, आमची गल्ली. माझा घरी जायचा रस्ता! मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय.

११ फेब्रुवारी, सकाळ
आमच्या इमारतीचा जिना. मी नुकतीच तिथून उतरून आले. आता कळलंय, सातवी खिडकी पुढे असली की ते थांबतं, मागे गेली की चालतं. म्हणून इथून हलायची सोय नाही, बाकी कोणाला ती दिसतच नाही. धाकटीचा फोन बंद, अभ्यासाला बसली की ती तो कपाटात टाकते. काका स्कूटर घेऊन माझ्या घरी धावलेत. त्या भल्या माणसावर मी संशय घेतला, लाज वाटते.

११, थोड्या वेळाने
आमचं दार. उघडं.

स्टुलावर धाकटी. पाठमोरी. वही पुढ्यात. वळत नाही. तिला कळलेलं नाही—

काका पोचले असतील. पोचलेच असतील. मी नजर हलवणार नाही, दुसरी कुठलीही खिडकी उघडणार नाही, फक्त घडलेलं इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या जागेवर जी कोणी येईल तिला—

इथे.

रोजनिशीत. रोजनिशीसुद्धा खिडकीच. मी लिहितेय म्हणजे ती मागे—

देवा, किती वेळ मी