हळदीत न नाचलेली धवलारीण

११ फेब्रुवारी, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. या वेळेला भिवंडीतल्या त्या नव्या काचेच्या हॉस्पिटलात टाय लावलेल्या एका डॉक्टरने माझ्या नणंदेच्या, हिराच्या, सुजलेल्या पायाकडे टेबलापलीकडूनच पाहिलं आणि विचारलं, "मावशी, कुठे नाचलात का?"

हिरा बिचारी खरं बोलली. "परवा काल्हेरला हलद होती."

झालं. तो हसला. "तरीच! आगऱ्यांची हळद म्हणजे काय विचारता! स्नायू दुखावलाय." मलम, दुखण्याची गोळी, गरम पाण्याचा शेक. पुढचा पेशंट.

तिच्या मांडीवर कॅन्सरची जाडजूड फाइल. डोक्याला स्कार्फ, भुवया गळलेल्या. आंधळ्यालाही दिसलं असतं. फाइल उघडली नाही. पायाला हात लावला नाही. मी तोंड उघडलं तर म्हणतो, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

आजी! माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय अजून.

रिक्षात अंजूर येईपर्यंत मी बोलत होते. हिरा रस्त्यावरचे कंटेनर बघत होती. म्हणाली, "वयनी, तो पोरगा दिसायला चांगला होता पन."

११ फेब्रु., संध्याकाळ

शेजारची काशी वाटीत कोमट तेल घेऊन आली. बाळंतिणींची मालिश करणारी बाई, हाताला वजन आहे. हिरा पाय सोडून बसली, डोळे मिटले, सुख! काशीचे हात पायाला लागणार एवढ्यात मी जवळ गेले. फक्त डावाच पाय सुजलाय. कातडी ताणून चकाकतेय. हात लावला, गरम. उजवा पाय अगदी नेहमीसारखा.

म्हटलं, "काशी, थांब. हिरा, काल्हेरला नाचलीस किती वेळ?"

हिराने डोळे उघडले. "मी कनाला नाचू? धवलारीन नाचली तं लगीन कोन लावील?"

"मग केलंस काय?"

"पाटावर बसून लगनाची गानी गायली. दुपारपासून उठलीच न्हाय. मूतायला पन न्हाय."

अगं मग त्या टायला सांगितलं का नाहीस! "त्याना इचारला कुठं? तो बोलला नाचलात, मी बोलले आसंल."

ब्लाउजची टेप आणली, दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी बोटभर नाही, चांगली तीन बोटं जास्त. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, आधी मोज, मग भांड. मोजून झालं. काशी रागावून तेल परत घेऊन गेली.

ठाण्याच्या कीमोवाल्या डॉक्टरबाईंना फोन. एकच प्रश्न त्यांचा: "एकच पाय? तेल लावू नका, शेक नको, चोळू तर अजिबात नका. आत्ता निघा."

१२ फेब्रु.

काल रात्री पुढचं लिहायला जमलं नाही. माझी लेक सई गाडी चालवत होती. काल्हेरला गोदामांच्या ट्रकांनी रस्ता अडवलेला. सईचा हात हॉर्नवरून निघेना, मी खिडकीतून हात काढून ट्रकवाल्याला हिंदीत काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. सिस्टर बेनेडिक्टांनी कान पकडला असता. ट्रक सरकला मात्र.

डॉपलर केलं, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. मांडीपर्यंत.

डॉ. बाईंनी कागदावर शीर काढून दाखवली. कॅन्सर असला की रक्त गोठायची ओढ वाढते. गाठीतूनच अशी काही द्रव्यं सुटतात की रक्त उगाच घट्ट व्हायला बघतं. त्यात कीमो. त्यात तासन्‌तास एका जागी बसणं. म्हणाल्या, "गुठळी पायात आहे तोवर दुखणं पायाचं. तिथून सुटून फुप्फुसात गेली तर..."  

हिरानेच विचारलं. "तर मरतं माणूस?"

"मरू शकतं. म्हणून तर तुम्ही आलात ते फार बरं केलंत."

मग छातीचा स्कॅन. तो होईपर्यंत मी आणि सई बाकावर. सई माझा हात धरून बसली होती, लहानपणी जत्रेत धरायची तसा. फुप्फुसं स्वच्छ! सई तिथेच रडली. मी नाही रडले, मला राग आला होता. राग आला की मला रडू येत नाही, ही देवाची कृपा.

हिरा बाहेर आली ती म्हणते, "वर गाठ, खाली गुठली. माज्या अंगात कुनी लूम लावलाय का काय?" टेक्निशियन भिवंडीचा, यंत्रमागांच्या गावचा निघाला, हसून खुर्चीतून पडायचा राहिला.

टायने दिलेली दुखण्याची गोळी बंद. रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर ती घेतली तर रक्तस्राव व्हायची भीती. म्हणजे निदान चुकलंच, वर गोळीही अशी.

१४ फेब्रु.

पोटात इंजेक्शन, रोज. नर्सने मला शिकवलं. घरी पहिलं मी दिलं. हिरा पोट उघडं टाकून पडली, वर बघत म्हणाली, "तीस वर्षं कचेरीत शिक्के मारलंस, आता मार माज्यावर."

मारलं. तारीख आणि वेळ मागच्या पानावर टिपली. 

१७ फेब्रु.

पोटावर निळे डाग. डॉ. म्हणतात, होतं तसं. हिरा काशीला दाखवते, "हे बग, वयनीनं गोंदवलंय." काशीचा राग गेला. उलट आता गावभर सांगते की तिच्या हाताने हिराबाय मेली असती. फार अभिमानाने सांगते.

१९ फेब्रु.

हिराची मूळ भीती आज बाहेर आली. औषधाची नाही, कॅन्सरचीही नाही.

८ मार्चला सईचं लग्न. भटजी आहेतच, पण आमच्याकडे धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. गावातल्या पोरींची लग्नं हिराने गाऊन लावली. सईची सख्खी आत्या ती. सई पाळण्यात असताना कबूल केलेलं.

आज मला म्हणाली, "वयनी, पाटावर बसून आसा झाला. आता बसायला दिलं न्हाय तं दुसरी बाई बघ सईसाठी." आणि भिंतीकडे तोंड फिरवून झोपली. कीमोला इतक्या वेळा गेली, उलट्या केल्या, केस गेले, एकदा पण भिंतीकडे तोंड केलं नव्हतं.

दुसरी बाई! अख्ख्या अंजुरात दुसरी बाई नाही. शेजारच्या पूर्णा गावात एक आहे, ती मोबाइलमध्ये बघून गाते.

२० फेब्रु.

भिवंडीच्या हॉस्पिटलला पत्र. इंग्रजीत लिहिलं असतं तर घाबरले असते. मराठीत लिहिलं, म्हणजे कळेल. मागण्या दोनच. एक, कॅन्सरच्या पेशंटचा एकच पाय सुजलेला असताना फाइल का उघडली नाही, याचं उत्तर. दोन, दारात पाटी लावा, मराठी, हिंदी, उर्दूत: कॅन्सरचे उपचार चालू असताना एक पाय किंवा एक हात सुजला, छातीत दुखलं, दम लागला, तर चोळू नका, थांबू नका, आधी सांगा.

पैसे मागितले नाहीत. सई म्हणते नुकसानभरपाई माग. मागितली की ते वकिलाकडे जातील आणि पाटी राहील बाजूला.

स्वतः नेऊन दिलं. पोच घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पोच काय असतं?" दाखवलं.

२४ फेब्रु.

हॉस्पिटलच्या मॅनेजरचा फोन. आवाज तुपातला. "मॅडम, एकदा चहाला या ना. भेटून बोलू."

"बोलायला माझ्याकडे नणंद आहे. तुम्ही लिहा."

२६ फेब्रु.

ठाण्याला तपासणी. सूज बरीच उतरली. मी डॉ. बाईंना विचारलं, गाता येईल का? हिरा खाली बघत होती.

डॉ. म्हणाल्या, "गळ्याला काय झालंय? गा की."

हिरा: "पाटावर बसावं लागतंय, बाय. लई वेळ."

"ते नाही चालणार. मध्ये मध्ये उठायचं, चालायचं. पाणी प्यायचं. सुई चुकवायची नाही."

"धवलारीन उठत न्हाय."

"का?"

हिराने खूप विचार केला. मग म्हणाली, "माज्या सासूचं गुडघं गेलं होतं. ती उठत नसे. तिच्याकडून शिकले म्हणून मी पन न्हाय उठत."

इतकं साधं! पिढ्यान्‌पिढ्यांची रीत म्हणून जी बाई लघवीलाही उठली नाही, तिची रीत निघाली सासूच्या गुडघ्यांची. मी हसले, डॉ. हसल्या, शेवटी ही पण. परत येताना गाडीत सगळा रस्ता गात होती. सईने काचा खाली केल्या.

२ मार्च

भिवंडीच्या हॉस्पिटलात परत. पत्राचं काय झालं विचारायला. "साहेब मीटिंगमध्ये." बसले.

शेजारी एक बाई आईला घेऊन आलेली, लूमवाल्यांच्या वस्तीतली. आईच्या हातात तशीच कॅन्सरची फाइल, डोक्यावर ओढणी, खाली केस नाहीत. मी विचारलं, "अम्मी का पैर सूजा है क्या?" लेक म्हणाली, "सूजा तो है, आंटी." "एक के दोनों?" तिलाही माहीत नव्हतं. तिथेच खाली बसून म्हातारीची सलवार वर केली. दोन्ही सारखे. तरी सांगितलं, डॉक्टरला दाखवा, आणि एकच सुजला तर धावत या. म्हातारीने माझ्या गालाला हात लावला. "आप डॉक्टरनी हो?" म्हटलं, "नहीं, ननद वाली हूँ."

मग समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, माझंही बघा. तिला कॅन्सर नव्हता, तिला मुतखडा होता. तरी बघितला. वॉचमनने आत जाऊन सांगितलं असावं, कारण साहेबांची मीटिंग एकाएकी संपली. केबिनमध्ये बोलावलं, चहा, बिस्किटं. "मॅडम, आम्ही डॉक्टरांना तोंडी समज दिली आहे."

"मला कशी कळणार? मी त्याच्या तोंडात नव्हते."

चहा प्यायले. चांगला होता. लेखी उत्तर मात्र नाही.

येताना टाय जिन्यात भेटला. आज टाय नव्हता. म्हणाला, "मावशी कशा आहेत?" आवाज अगदी लहान. सांगितलं, पायात गुठळी होती, जिवंत आहे. तो तिथेच उभा राहिला. म्हणाला, "मी... हळद म्हणाल्या ना त्या, मला वाटलं..."

"धवलारीण आहे ती. गाते. नाचत नाही. आगरी म्हणजे सगळे नाचतातच असं कुणी शिकवलं तुला?"

"सॉरी, आजी."

यावेळी 'आजी' म्हणाला त्याचा राग आला नाही. पोरगा दिसायला खरंच चांगला आहे.

८ मार्च, दुपार

लग्न लागलं!

सकाळी सुई दिली. हिराने हिरवं लुगडं नेसलं, डोक्याला स्कार्फ न बांधता पदर घेतला. पाट मांडला होता. पहिला धवला बसून गायली. मग उठली. मांडवात कुजबुज. काशी मोठ्याने म्हणाली, "उठली का गं?"

हिरा गातच चालायला लागली, आणि गाता गाता तिथल्या तिथे जोडलं:

नवरी बसली पाटावरी,
आत्या चालं मांडवभरी,
रगत माजं धाव घेई
सईबायच्या दारावरी.

मांडव हसला. एक म्हातारी उठली, तिच्या मागे चालू लागली. मग दुसरी. मग काशी. थोड्या वेळाने मांडवातल्या सगळ्या बायका रांगेने हिराच्या मागे, धवल्याचा झील धरत, केळीच्या खांबांभोवती. भटजी थांबून बघत राहिले. मुहूर्त थोडा हलला. हलू दे.

सई पाटावर हसत रडत होती. आज मला राग आला नव्हता, त्यामुळे मीही.

११ मार्च

हिरा थकली आहे, पण पाय बरा. गुठळीचं औषध अजून काही महिने. उरलेल्या कीमो चालू. कॅन्सरचा स्कॅन एप्रिलात. त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. काल्हेर, पूर्णा, दोन्हीकडून लग्नांची बोलावणी आली. "चालती धवलारीन पायजे" म्हणतात. हिराने सगळ्यांना हो म्हटलंय, मेच्या अखेरपर्यंत. मला विचारलं नाही. सुया मात्र मीच द्यायच्या.

हॉस्पिटलकडून मिठाईचा पुडा आला, चिठ्ठी नाही. पुडा परत केला. (हिराने आधी दोन पेढे काढून घेतले.)

१२ मार्च

दुसरं पत्र. प्रत इथे ठेवते.

"महोदय, माझ्या दि. २० फेब्रुवारीच्या पत्राला आपला फोन, चहा आणि पेढे मिळाले. उत्तर मिळालं नाही.

आपल्या डॉक्टरांनी माझी माफी मागितली, ती मी घेतली. तो तरुण आहे, शिकेल. मी विचारते आहे ते आपल्या हॉस्पिटलला. माझी नणंद वाचली, कारण घरात टेप होती आणि ठाण्याला फोन लागला. उद्या आपल्या दारात येणाऱ्या बाईकडे यातलं काही नसेल. तिला कोण विचारणार, एक पाय की दोन? पाटी लावणार की नाही? लावणार असाल तर कोणत्या तारखेला? नसाल तर का नाही?

या प्रश्नांची उत्तरं लेखी, सही-शिक्क्यासह, दि. ३१ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मला अंजूरच्या पत्त्यावर मिळावीत. पाच वाजून एक मिनिटाने मी आपल्या दारात खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्या प्रत्येक बाईचे पाय स्वतः बघेन. सोबत माझी नणंद असेल. ती बसणार नाही, तिला मनाई आहे. ती चालेल आणि गाईल. तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. कृपया वेळेत उत्तर द्यावे."